दुसऱ्याचं उसवायचं नाही

१० जानेवारी

दारातून आत पाऊल टाकते न टाकते तोच नवऱ्याचा प्रश्न — मजा आली का? चप्पल तरी काढू द्यावी माणसाला! मी म्हटलं, आली असावी. तर म्हणे, असावी म्हणजे? मजा काय पोस्टाने यायची आहे?

आता ही वही तरी मला सांगेल का, मजा आली की नाही ते.

सगळं खूळ धाकटीचं, माझ्या बहिणीचं. डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर बघून सांगितलं, काहीतरी छंद लावून घ्या, डोकं जरा मोकळं ठेवा. मी नुसती मान डोलावली होती. पण हे धाकटीच्या कानावर गेलं आणि तिने मला बखोटीला धरून गोधडी शिवणाऱ्यांच्या मंडळात नेऊन बसवलं. "ताई, तुझं डोकं शांत होईल. माझं बघ कसं झालंय." तिचं डोकं जन्मापासूनच शांत आहे. तिला कसली आलीय काळजी!

लायब्ररीच्या वरच्या मजल्यावरची खोली. आम्ही पाच जणं. ग्रंथपालबाई, त्यांनीच हे मंडळ काढलं. हॉस्पिटलातल्या नर्सबाई. बस चालवून रिटायर झालेले काका, सुई धरतात ती स्टिअरिंग धरल्यासारखी. मग धाकटी, आणि मी.

यंदा फिरत्या गोधड्या करायच्या आहेत. प्रत्येकाने आपल्या गोधडीचा मधला चौकोन घरी शिवून आणायचा. तो पिशवीत घालून शेजारच्याला द्यायचा. शेजाऱ्याने महिनाभरात त्याला चहूबाजूंनी काठ लावायचा आणि पुढच्याला द्यायचा. असं फिरत फिरत जूनमध्ये ज्याची गोधडी त्याच्याकडे परत. मधे आपली आपण बघायची नाही. आणि ग्रंथपालबाईंनी बोट वर करून सांगितलं — दुसऱ्याने शिवलेलं उसवायचं नाही. कसंही असो. हा एकच नियम.

धाकटीची पिशवी माझ्याकडे येणार, माझी नर्सबाईंकडे, त्यांची काकांकडे, काकांची ग्रंथपालबाईंकडे, त्यांची धाकटीकडे. म्हणजे धाकटीच्या हातून निघालेलं सगळं आधी माझ्या हातात पडणार. आणि माझी गोधडी सगळ्यांत शेवटी तिच्या हातात. कठीण आहे.

१८ जानेवारी

मधला चौकोन म्हणून तारा करायला घेतलाय. त्रिकोणांचा. सगळी टोकं मधोमध एका ठिपक्यात मिळाली पाहिजेत. मिळाली नाहीत. उसवलं.

परत शिवलं. एक टोक कणभर पलीकडे. उसवलं.

नवरा म्हणाला, कुठे पलीकडे? मी बोट ठेवून दाखवलं. तो म्हणाला, हे तुझ्या बोटाखाली झाकलं जातंय, म्हणजे नाहीच आहे. ह्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

२५ जानेवारी

तारा जमला! टोकाला टोक. उताणा ठेवला, पालथा ठेवला, लांबून बघितला, जवळून बघितला. दुकानातून आणलेलं भिंग डोळ्याला लावून बघितला. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

मग गादीवर पसरून त्याच्यासमोर बसले. वाट बघत. कसली, कोण जाणे. आता बरं वाटेल, आता वाटेल. मग भाजी करपल्याचा वास आला म्हणून उठले.

७ फेब्रुवारी

पिशव्यांची पहिली अदलाबदल. घरी येऊन धाकटीचा चौकोन उघडला.

कोंबडी! पिवळी धमक, लाल तुऱ्याची कोंबडी. आणि ती चौकोनात मावलेलीच नाही. शेपूट सरळ बाहेर उडालंय, कापडाच्या कडेपलीकडे. चौकोन म्हणायचा तोही नावालाच — एक बाजू लांब, एक आखूड, खालची तर चक्क पोट सुटल्यासारखी. टाके एक इथे, एक तिथे. डोळ्याच्या जागी कुठल्यातरी ब्लाउजचं बटण.

हसू आवरेना. एकटीच हसत बसले.

मग नीट बघितलं तर ते पिवळं कापड ओळखीचं. आईच्या स्वयंपाकघरातला पडदा! तो हिने इतकी वर्षं जपून ठेवला? वस्तू जपणारी मी, आणि पडदा हिच्याकडे?

८ फेब्रुवारी

धाकटी केस कापते. तिचं छोटंसं पार्लर आहे. ती म्हणते, कापताना कमीजास्त झालं तर झालं, केस परत येतात. माझं काम चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. काच जराशी जास्त घासली की कचऱ्यात. परत येत नाही. आणि काचेचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर आला नाही तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, जिन्यात पाय चुकतो. मालक म्हणतात, तुमच्या हातची काच परत येत नाही. ह्या एका वाक्यावर मी आजवर तिथे टिकून आहे.

मग गोधडीत मी एकदम वेगळी बाई कुठून आणायची? हे कोणी सांगत नाही. सगळे म्हणतात, सोड गं. काय सोडायचं? कुठून धरलंय तेच मला माहीत नाही.

१५ फेब्रुवारी

कोंबडीला काठ लागत नाही. काठ सरळ आहे आणि चौकोन वाकडा, तर लागणार कसा? एका कोपऱ्यात झोळ येतो, दुसऱ्यात ताण. ओढून बघितलं. दाबून बघितलं. इस्त्री केली.

उसवायचं नाही हा नियम. कापायचं नाही असं कोणी म्हटलं नव्हतं.

सुताराचा गुण्या आणला, चारही कोपरे काटकोनात आखले, आणि कापलं. काठ एकदम झक्क बसला. किती नीटनेटकी दिसते आता कोंबडी! फक्त शेपूट गेलं. ते रेघेबाहेरच होतं, मी तरी काय करणार?

शेपूट फेकवेना. बटणांच्या डब्यात टाकलं.

१६ फेब्रुवारी

शेपूट नसलेली कोंबडी दिवसभर डोळ्यांसमोर. दुकानात एका काचेचा आकडा दोनदा चुकीचा वाचला. बसवण्याआधी लक्षात आलं, नशीब.

७ मार्च

आज पिशव्या बदलताना धाकटी गुणगुणत होती. शिवताना ती नेहमी गुणगुणते, तेच एक गाणं, अर्धवट, शब्द विसरलेलं. नर्सबाई म्हणाल्या, तुमच्यामुळे आमच्या वॉर्डात पण मी हेच गुणगुणते आणि पेशंट विचारतात पुढचे शब्द काय. सगळे हसले. काकांनी सुई टोचून घेतली. मी पण हसले.

कोंबडी काल नीट घडी घालून ठेवली होती, ती आज नर्सबाईंकडे गेली. धाकटीने तिकडे बघितलंही नाही. आपण आपली बघायची नाही ना.

माझ्याकडे आली ती ग्रंथपालबाईंची. मधे एक सुबक घर आणि त्याला धाकटीने लावलेला काठ. ठिपक्यांचा, फुलांचा, चौकटींचा — जे हाताला लागेल ते. घराला अशा काठात बघून वाटतं, हे घर आता हलायला लागेल.

१४ मार्च

उसवलं.

लिहूनच टाकते. नियम मोडला. सुरीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं तेव्हा म्हटलं, फक्त हा कोपरा. मग तो सरळ केल्यावर पलीकडचा फारच वाकडा दिसायला लागला. संध्याकाळपर्यंत चारही बाजू सुट्या होऊन माझ्या पुढ्यात. धाकटीचेच तुकडे, धाकटीचेच रंग, मी फक्त सरळ केले. फक्त! कापलं तर थोडंसंच. मग माझा काठ लावला. आता घर जागच्या जागी उभं आहे.

ग्रंथपालबाईंच्या गोधडीसाठी केलं. त्यांनी मंडळ चालवायचं आणि त्यांनाच वेडंवाकडं मिळायचं? आणि धाकटीचीही लाज राहिली. वाईट कोणाचं झालं?

मग मला चोरी केल्यासारखं का वाटतंय?

२२ मार्च

आज एक गंमत झाली.

संध्याकाळी वीज गेली. नवरा बाहेर गेलेला. मी खिडकीशी बसून होते, हातात उरलेल्या कापडांचे दोन तुकडे. मंडळाचं काम नव्हे, असंच. उजेड संपत आलेला. फूटपट्टी कुठे ठेवली ते दिसेना. म्हटलं जाऊ दे, आणि तशीच शिवायला लागले. अंदाजाने, बोटांनी चाचपत. एक तुकडा, मग त्याला दुसरा, मग हाताला लागला तो तिसरा. किती वेळ गेला कळलंच नाही. दिवे आले तेव्हा मी दचकले, कारण मी धाकटीचं ते गाणं गुणगुणत होते! मोठ्याने!

नवरा दारात उभा. विचारलं नाही त्याने, मजा आली का म्हणून. नुसता बघत होता.

२३ मार्च

कालचं सकाळी उजेडात बघितलं. काय ते ध्यान! उसवून टाकलं.

उसवताना जरा रडू आलं. कारण सांगता येत नाही.

४ एप्रिल

आता काकांची गोधडी. मधे एक बस आहे, चाकं चौकोनी. काका म्हणाले होते गोल जमत नाही, चौकोनी चाकांची बस हळू जाईल, त्यात काय. त्यावर ग्रंथपालबाईंचा काठ व्यवस्थित. आणि मग धाकटी! काठावर तिने एक मांजर बसवलंय. कोणी सांगितलं होतं मांजर?

११ एप्रिल

मांजर ठेवलं. बाकीचं उसवून सरळ केलं. मांजराच्या खालची रेघ सरळ केल्यावर मांजर काठावरून पडतंय असं दिसायला लागलं, म्हणून मांजरही काढून परत बसवलं. नीट बसवलं. आता ते मांजर शाळेत फोटो काढायला बसल्यासारखं दिसतंय.

मला हे आवडतंय का नाही? आज सबंध दिवस सुई सोडली नाही, जेवायलासुद्धा उभ्या उभ्या. ह्याला आवड म्हणतात की खाज? नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आवड असती तर तुझ्या कपाळावर ही आठी नसती. आठी माझी जन्मापासूनची आहे, असं मी सांगितलं.

२ मे

आज काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

चहा चालला होता. नर्सबाई एकदम धाकटीला म्हणाल्या, "तुमचा हात काय सुधारलाय हो! मागच्या महिन्यात माझ्याकडे आली त्या गोधडीवरचा तुमचा काठ बघितला. फूटपट्टीने आखल्यासारखा." कौतुकानेच म्हणाल्या. बिचाऱ्यांना काय कल्पना.

धाकटी हसत म्हणाली, "माझा? छे, दुसऱ्या कोणाचा असेल." नर्सबाई म्हणाल्या, तुमच्याशिवाय कोणाचा, फुलं आणि ठिपके, तुमच्यानंतर ताईंकडेच तर जाते.

मग धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी कपात बघत होते. चहा संपला होता.

ओरडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी ओरडायची, केस ओढायची. आज काही नाही. "हो का," एवढंच म्हणाली. आणि नंतर गुणगुणली नाही. मीच कान देऊन होते म्हणून कळलं, बाकी कोणाच्या लक्षात आलं नसेल.

शेवटची अदलाबदल झाली. माझी गोधडी आज तिच्याकडे गेली. पिशवी हातात घेताना तिने दोन्ही हात पुढे केले, गरम भांडं घेतात तसे.

३ मे

फोन करावा म्हणते. काय सांगू? तुझं वाकडं होतं म्हणून सरळ केलं? हे तिला माहीत आहे. माझं चुकलं? चुकलं का? काठ तर सरळ झाला! नर्सबाईंना आवडला! मग चूक नेमकी कुठे आहे ते मला कोणीतरी बोट ठेवून दाखवावं.

१० मे

केस कापायला म्हणून पार्लरमध्ये गेले. वाढले नव्हते तरी. तिनेही विचारलं नाही, इतक्यात कशाला आलीस म्हणून.

एरवी ती आरशातून बोलत राहते. आज गप्प कापत होती. सावकाश. दर वेळी पाठीमागे जाऊन, एक डोळा मिटून, दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघत होती. मी म्हटलं, पुरे गं, केस आहेत, परत येतील. तिने ऐकलं नाही. परत एकदा मापलं.

अंगठ्याला पट्टी होती. मी विचारलं तर म्हणाली, "लागलं काहीतरी." मागच्या खोलीत टेबलावर चादर टाकून काहीतरी झाकलेलं. माझीच गोधडी असणार, म्हणून मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. नियम म्हणजे नियम.

निघताना ती म्हणाली, "ताई, तुझी ती स्टीलची फूटपट्टी देशील का थोडे दिवस?"

फूटपट्टी! धाकटी! मी लगेच घरी जाऊन घेऊन आले. वाटेत इतकं बरं वाटत होतं की बस. शेवटी लागली शिस्त. राग असता तर मागितली असती का? म्हणजे सगळं ठीक आहे. उगाचच मी जिवाला घोर लावून घेतला होता.

१७ मे

नर्सबाईंची गोधडी माझ्याकडे आहे. ह्यावरचा धाकटीचा काठ त्या चहाच्या दिवसाच्या आधीचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा. नागमोडी. एका बाजूला तर तिने कापड संपलं म्हणून चक्क पायमोज्याचा तुकडा लावलाय, पट्ट्यापट्ट्यांचा.

एक बाजू उसवली. सरळ केली. दुसरीला सुरी लावली आणि हात थांबला. पायमोजा होता ती. का थांबला, विचारून उपयोग नाही. मग ती तशीच ठेवली, राहिलेल्या दोन्हीही. आता एक बाजू सरळ आणि तीन वाकड्या. ना धड इकडे ना धड तिकडे. सरळ केलेली परत वाकडी करता येईल का म्हणून बघितलं. नाही येत! मुद्दाम वाकडं शिवलं की ते नुसतं चुकलेलं दिसतं. तिचं चुकलेलं दिसत नव्हतं. मग काय दिसत होतं?

३१ मे

धाकटीचा फोन नाही. मी केला तर तिचा नवरा म्हणाला, शिवतेय. दुसऱ्यांदा केला तेव्हाही शिवतेय. चला, मन लावून करतेय म्हणायचं.

नवरा म्हणाला, तिच्या नवऱ्याचा आवाज कसा होता? मी म्हटलं, आवाजासारखा.

६ जून

आज पिशव्या उघडल्या.

आधी ग्रंथपालबाईंची. वा वा झाली. मग काकांची. काका मांजर बघून म्हणाले, हे मांजर तिकीट काढून बसलेलं दिसतंय. सगळे हसले. धाकटीही हसली, जरा उशिराने. नर्सबाई आपली गोधडी फिरवून फिरवून बघत होत्या, सरळ बाजू, वाकडी बाजू. बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं आणि घडी घातली. त्यांना कळलं.

मग कोंबडी.

धाकटीने ती टेबलावर पसरली. तिच्याभोवती माझा काठ, मग नर्सबाईंचा, काकांचा, ग्रंथपालबाईंचा. ती मधल्या चौकोनाकडेच बघत होती. हात फिरवला. कोंबडीच्या मागच्या बाजूला, जिथे शेपूट होतं, तिथे शिवणीवर बोट नेऊन थांबली.

मी म्हटलं, काटकोनात आणावं लागलं. काठ बसत नव्हता. शेपूट रेघेच्या बाहेर होतं.

"हो," ती म्हणाली. "बरोबर आहे. सरळ झालंय."

मला तिने धरून गदागदा हलवायला हवं होतं. मी वाट बघत होते, खरंच. पण तिने घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, आता ताईची उघडा.

माझी उघडली आणि सगळे खुर्च्या सोडून जवळ आले. मीही. कारण असली गोधडी मी कुठे बघितलेली नाही. माझा तारा मधोमध, आणि त्याच्याभोवती एकावर एक काठ, सगळे सरळ, सगळे कोपरे काटकोनात. काकांचासुद्धा! काका, ज्यांना चाक गोल जमत नाही! आणि सगळ्यांत बाहेरचा धाकटीचा — गडद निळा, एकाच कापडाचा. ठिपके नाहीत, फुलं नाहीत, मांजर नाही. धाकटीला निळा आवडत नाही. मला आवडतो.

काका म्हणाले, "तुमच्या पिशवीला हात लावताना माझी छाती धडधडायची हो. घाटात गाडी चालवताना नाही कधी धडधडली." परत सगळे हसले. मी आभार मानले. कौतुकच होतं ते, नाही का?

धाकटीने फूटपट्टी परत दिली. म्हणाली, पुढच्या फेरीला मी नाहीये, पार्लरमध्ये गर्दी असते हल्ली.

७ जून

गोधडी सोफ्यावर पसरली आहे. नवरा आला, बघून म्हणाला, अरे वा. मग गोधडीचा कोपरा उचलून — "आता तरी मजा आली?"

नाही. नाही आली! मला जसं हवं होतं तसंच आहे, एकूण एक टाका. बोट ठेवायला जागा नाही. आणि मला ती अंगावर घ्यावीशी वाटत नाही. मला ती कोंबडी हवी आहे. तिच्या शेपटासकट.

बटणांच्या डब्यातून शेपूट काढलं. टेबलावर ठेवलंय. परत लावून देऊ का? लावलं तर जोड दिसेल. जोड दिसला तर दिसू दे ना! असं मी म्हणतेय? मी?

ह्या घटकेला मला माझंच काही कळत नाही.

९ जून

आज सुट्टी. अस्तर लावण्याआधी इस्त्री करायला म्हणून गोधडी उचलली, आणि दुकानात काच धरते तशी सवयीने खिडकीसमोर धरली.

उजेड आरपार आला. धाकटीच्या निळ्या काठातून. बारीक बारीक भोकांतून. शिवणीच्या शेजारी सुईच्या भोकांची एक रांग, तिच्या शेजारी आणखी एक, तिच्या शेजारी आणखी, चारही बाजूंनी. काही ठिकाणी इतकी की कापड जाळीसारखं झालंय. घट्ट विणीचं कापड, भोकं मिटली नाहीत. शिवलं, उसवलं, शिवलं, उसवलं. आयुष्यात कधी एक टाका न उसवलेल्या माझ्या बहिणीने!

एका कोपऱ्यात तपकिरी डाग. अंगठा.

फोन लावला. लगेच उचलला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. हळूच विचारलं तिने — "काय चुकलंय, ताई?"